यंत्राच्या पोटांतील यंत्र

छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, गोदावरी ओलांडल्यावर, गेवराई हें तालुक्याचें गांव लागतें. इतिहासाच्या वाचकांस हा तालुका राक्षसभुवनच्या लढाईमुळें ठाऊक असतो. १७६३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत थोरल्या माधवरावांनीं तेथें निजामाच्या फौजेचा पराभव केला. वृत्तपत्रांच्या वाचकांस तो निराळ्या कारणानें माहीत आहे. दसरा-दिवाळी उलटली कीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगारांचीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. कारखान्याच्या आसपास माळावर त्यांची कोपी उभी राहते, हंगाम संपला कीं मोडते, आणि पुढच्या वर्षीं भलत्याच गांवच्या माळावर तीच कोपी पुन्हां उभी राहते. 'तीच' हा शब्द येथें जाणूनबुजून योजला आहे. बांबू निराळे, चटया निराळ्या, जमीनहि निराळी; पण दार कोणत्या अंगास, चूल कोठें, दाण्याचें पोतें कोठें, हें सारें ठरलेलें असतें. कुटुंब आपल्या भिंती बरोबर नेत नाहीं. भिंती कशा उभारावयाच्या हें ज्ञान तेवढें नेतें.

या तालुक्यांत भटकणारी दुसरीहि एक पिढी आतां तयार झाली आहे. ती अभियांत्रिकी शिकून पुण्यास नोकरीस जाते आणि लॅपटॉपवर काम करते. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली तेव्हां अशीं अनेक मुलें मराठवाड्यांतील आपापल्या गांवीं परतलीं. लॅपटॉप बरोबर आला, काम मात्र नेहमींच तितक्या सहजपणें बरोबर आलें नाहीं. कचेरींतील संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्राम घरच्या संगणकावर अडून बसे. अशा वेळीं "माझ्याकडे तर चालतोय!" हें एक वाक्य प्रत्येक प्रोग्रामर दुसऱ्याला ऐकवीत असतो. वाक्य खरें असतें, आणि तितकेंच निरुपयोगीहि असतें.

असें कां व्हावें, हें घरांतील वडील मंडळींस कोडें वाटतें. प्रोग्राम म्हणजे लिहिलेला मजकूर. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरला म्हणून त्याचा अर्थ कसा बदलेल? पण प्रोग्राम एकटा कधींच नसतो. तो ज्या भाषेंत लिहिलेला असतो त्या भाषेची विशिष्ट आवृत्ति त्याला लागते. माहिती सांठविणारा डेटाबेस विशिष्ट आवृत्तीचा लागतो. आणि या सर्वांच्या खालीं ऑपरेटिंग सिस्टिम असते. जगांतील बहुतेक वेबसाइटी लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर असतात, तर घरोघरचे लॅपटॉप प्रायः विंडोजचे. एवढ्यानेंच किती घोटाळा होतो याचें एक लहानसें उदाहरण पुरेसें आहे. फाइलीच्या नांवांतील रोमन लिपीचें मोठें अक्षर आणि लहान अक्षर विंडोज सामान्यतः एकच मानतें. लिनक्स तीं दोन निराळीं मानतें. चित्राच्या नांवांत एक अक्षर मोठें पडलें, तर तें चित्र गेवराईंतील मुलाच्या लॅपटॉपवर दिसेल आणि सर्व्हरवर दिसणार नाहीं. बिचारा मुलगा रात्रभर चूक शोधीत बसेल, आणि ती त्याला सांपडणार नाहीं, कारण त्याच्या समोर ती घडतच नाहीं.

यावरील उपाय असा कीं, विंडोजच्या लॅपटॉपमध्येंच एक लिनक्सचा संगणक उभा करावयाचा. खराखुरा नव्हे, आभासी. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लॅपटॉपच्या मेमरीचा एक वाटा, डिस्कचा एक वाटा आणि प्रोसेसरचा कांहीं वेळ बाजूस काढून एक प्रोग्राम असा देखावा निर्माण करतो कीं, आंत बसविलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण स्वतंत्र यंत्रावरच आहों असें वाटतें. बाहेरच्या यंत्रास यजमान आणि आंतल्यास पाहुणा म्हणतात. पाहुण्यानें आपल्या खोलींत कितीहि पसारा केला तरी यजमानाच्या घरास सहसा बाध येत नाहीं. ज्या घरांत एकच लॅपटॉप आहे, त्याच्यावरच धाकट्या बहिणीचा अभ्यास आणि वडिलांचे बँकेचे व्यवहार होतात, त्या घरांत हा गुण लहानसहान नव्हे. शिकाऊ मुलानें यंत्र बिघडवूं नये म्हणून त्यास दूर ठेवण्यापेक्षां, बिघडविण्यासाठींच त्याला एक निराळें यंत्र द्यावें हें कितीतरी बरें.

कल्पना नवी नाहीं. आय. बी. एम. कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रांत १९६० नंतरच्या दशकांत सीपी-४० नांवाची व्यवस्था रचली गेली व १९६७ च्या आरंभीं ती वापरांत आली. एकाच अवाढव्य यंत्रावर चौदा जणांस चौदा स्वतंत्र यंत्रें मिळाल्याचा भास ती करून देई. १९७२ सालीं त्याच कंपनीनें व्हीएम/३७० ही व्यवस्था बाजारांत आणली. १९७४ सालीं पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनीं, कोणत्या गुणांचा प्रोसेसर असल्यास असा भास निर्दोष होऊं शकतो, याच्या अटी शास्त्रशुद्ध रीतीनें मांडल्या. पुढें घरोघरीं शिरलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांची घडण त्या अटींत बसत नव्हती. २००० सालीं झालेल्या एका तपासणींत, पेंटियमच्या आज्ञांपैकीं सतरा आज्ञा या कामीं आड येणाऱ्या निघाल्या. तरीहि १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ मध्येंच एक युक्ति करून दाखविली होती : आडव्या येणाऱ्या आज्ञा चालण्यापूर्वींच त्या दुसऱ्या निरुपद्रवी आज्ञांत बदलून टाकावयाच्या. अखेर २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनीं प्रोसेसरांतच या कामाची सोय केली. २००७ च्या जानेवारींत व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत मिळणारा प्रोग्राम आला. त्याची मूळ कंपनी २००८ मध्यें सन कंपनीनें व सन कंपनी २०१० मध्यें ओरॅकलनें घेतली. प्रोग्राम मात्र आजहि मिळतो.

व्हर्च्युअलबॉक्स माउसनें चालवितां येतो. खिडक्या उघडतात, बटणें दाबावयाचीं असतात, आणि तासाभरांत लिनक्सचें एक यंत्र उभें राहतें. मग आज्ञा टंकून काम करण्याचा आग्रह कशासाठीं, असा प्रश्न कोणीहि विचारील. उत्तर असें कीं, माउसच्या टिचक्यांची कोठेंहि नोंद राहत नाहीं. कोणत्या पानावर काय निवडलें, मेमरी किती दिली, हें आठ दिवसांनीं करणाऱ्यालाच आठवत नाहीं. मग तें सोबत्याला काय सांगणार? टंकलेली आज्ञा मात्र लिहून ठेवतां येते, पत्रानें धाडतां येते, आणि चुकली तर नेमकी कोठें चुकली हें दाखवितां येतें. आईनें भाजी करतांना पाहून शिकणें चांगलेंच. पण परगांवीं असलेल्या मुलीला कृति लिहूनच पाठवावी लागते.

व्हर्च्युअलबॉक्सबरोबर 'व्हीबॉक्समॅनेज' नांवाची आज्ञा येते. तिच्या द्वारें यंत्र निर्माण करणें, मेमरी ठरविणें, डिस्क तयार करणें, ती जोडणें, जाळ्याची जोडणी करणें, हीं सारीं कामें होतात. पण तीं एकेक करून. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम बसविण्याचें काम उरतेंच. हा खटाटोप टाळण्यासाठीं मिचेल हाशिमोटो या तरुणानें २०१० सालीं 'व्हेग्रंट' नांवाचें साधन लिहिलें. या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'भटक्या'. कोपीची आठवण येथें आपोआप होते. साम्य मात्र एवढ्यापुरतेंच धरावें. कोपींतल्या माणसांस ऊन, थंडी व भूक आहे आणि मुलांची शाळा बुडण्याचें दुःख आहे. यंत्राला यांपैकीं कांहींच नाहीं.

व्हेग्रंटची सर्व मदार एका साध्या मजकुराच्या फाइलीवर आहे. तिला व्हेग्रंटफाइल म्हणतात. कामाच्या फोल्डरांत जाऊन 'व्हेग्रंट इनिट' ही आज्ञा दिली कीं ती फाइल तयार होते. तींत लिहावयाच्या गोष्टी मोजक्याच असतात. मूळ सांचा कोणता, म्हणजे कोणत्या लिनक्सची कोणती तयार प्रत घ्यावयाची, तिची आवृत्ति कोणती, मेमरी किती, पाहुण्याचें कोणतें दार यजमानाच्या कोणत्या दाराशीं जोडावयाचें, आणि यंत्र प्रथम उभें राहिल्यावर आंत काय काय बसवावयाचें. या सांच्यास 'बॉक्स' म्हणतात. दाराचें उदाहरण द्यावयाचें तर पाहुण्याचें ८० क्रमांकाचें दार लॅपटॉपच्या ८०८० क्रमांकास जोडलें, म्हणजे आंत चालणारी वेबसाइट बाहेरच्या ब्राउझरमध्यें ८०८० वर दिसते. फाइल रुबी भाषेच्या वळणानें लिहिलेली असते. पण ती भरण्यास रुबी येण्याची गरज नाहीं, जसा मनीऑर्डरचा छापील फॉर्म भरण्यास छापखान्याची विद्या लागत नसे.

फाइल तयार झाली कीं 'व्हेग्रंट अप' हे दोन शब्द टंकावयाचे. सांचा जवळ नसल्यास तो इंटरनेटवरून उतरतो, त्याची प्रत निघते, यंत्र चालू होतें, दारें जोडलीं जातात, कामाचें फोल्डर आंत दिसूं लागतें, आणि लिहून ठेवलेली सामग्री आपोआप बसते. पहिल्या खेपेस यास बराच वेळ लागतो. तोंवर चहा होतो. मग 'व्हेग्रंट एसएसएच' म्हटलें कीं टंकणारा आंतल्या लिनक्समध्यें प्रवेश करतो. लिहिण्याचें काम बाहेरच्या नेहमींच्या संपादकांत चालतें. चालविण्याचें काम आंत. फोल्डर दोघांस सामाईक असतें, म्हणून एका बाजूस जतन केलेला शब्द तत्काळ दुसऱ्या बाजूस दिसतो.

काम थांबवितांना तीन आज्ञांमधला भेद नीट समजून घ्यावयास हवा. नवशिके येथेंच फसतात. 'सस्पेंड' म्हणजे यंत्रास आहे त्या स्थितींत झोपविणें. मेमरींतील सर्व मजकूर डिस्कवर उतरतो, आणि 'रिझ्यूम' म्हणतांच अर्ध्यावर राहिलेली ओळहि तशीच समोर येते. जेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं आणि बॅटरी जुनी झालेली आहे, तेथें ही आज्ञा हातासरशी असावी. 'हॉल्ट' म्हणजे रीतसर बंद करणें. डिस्कवरील सामान राहतें, मेमरींतलें जातें. 'डिस्ट्रॉय' म्हणजे यंत्र समूळ मोडून टाकणें. मोडण्यापूर्वीं तें एकदां विचारतें, आणि होकार मिळाला कीं मागे कांहीं ठेवीत नाहीं. सामाईक फोल्डर मात्र यजमानाचें असल्यामुळें तें शाबूत राहतें, आणि उतरवून घेतलेला सांचाहि राहतो. म्हणून आंतल्या डेटाबेसमध्यें भरलेली माहिती हवी असल्यास तिची प्रत आधीं सामाईक फोल्डरांत काढून ठेवावी. हा इशारा पुस्तकांत एका ओळींत असतो, आणि बहुतेकांस तो पुस्तकाबाहेरच कळतो.

मोडण्याची आज्ञा भयंकर वाटते खरी, पण या साऱ्या पद्धतीचें मर्म तींतच आहे. आंत शिरून हातानें एखादी वस्तु बसविली, ती फाइलींत लिहिली नाहीं, तर आजचें काम भागतें. पण त्या क्षणापासून फाइल आणि यंत्र यांची ताटातूट सुरू होते. महिन्याभरानें तें यंत्र इतकें 'आपलें' होतें कीं, त्याची दुसरी प्रत जगांत कोठेंच निघूं शकत नाहीं, आणि तेंच जुनें वाक्य, "माझ्याकडे तर चालतोय", पुन्हां ऐकूं येतें. यास्तव जाणते लोक शिस्त अशी ठेवतात : कांहींहि बसवावयाचें तर प्रथम फाइलींत लिहावयाचें आणि 'व्हेग्रंट प्रोव्हिजन' म्हणावयाचें. येथें एक खाचखळगा आहे. बसविण्याचा हा भाग 'अप' केवळ पहिल्या खेपेसच चालवितें. फाइलींत नवी ओळ घातली, यंत्र बंद करून पुन्हां 'अप' म्हटलें, तरी ती ओळ चालत नाहीं. 'प्रोव्हिजन' वेगळें सांगावें लागतें. मेमरी किंवा दारें बदललीं असल्यास 'रीलोड'. आणि आठ-पंधरा दिवसांनीं एकदां तरी यंत्र मोडून फाइलीवरून नव्यानें उभें करून पाहावें. उभें राहिलें तर फाइल खरी. न राहिलें तर काय राहून गेलें तें त्याच दिवशीं कळतें, आणि ठरल्या तारखेच्या आदल्या रात्रीं कळण्यापेक्षां तें पुष्कळ स्वस्त पडतें.

एखादा धाडसी प्रयोग करण्यापूर्वीं 'स्नॅपशॉट सेव्ह' म्हणून खूण ठेवतां येते आणि फसल्यास 'स्नॅपशॉट रिस्टोअर' म्हणून मागें येतां येतें. कांहीं मंडळी यालाच जतन केलेली प्रत समजतात. ती समजूत घातक आहे. खूण त्याच डिस्कवर असते, आणि डिस्क गेली कीं खूणहि जाते.

आतां खर्चाची बाजू. ही सोय फुकट नाहीं, आणि ती फुकट असल्याचें भासविणाऱ्या लेखांवर विश्वास ठेवूं नये. लॅपटॉपमध्यें ८ जीबी मेमरी असेल तर विंडोज व ब्राउझर मिळून तींतील मोठा हिस्सा खातात. पाहुण्यास एक किंवा फार तर दोन जीबी द्यावी. चार जीबीच्या जुन्या यंत्रावर खिडक्यांविण चालणारें, केवळ आज्ञांचें लिनक्स उभें करतां येतें, पण दोन पाहुणे एकदम बोलावूं नयेत. सांचे शेंकडों एमबींचे असतात, आणि वापर संपलेलीं यंत्रें डिस्कवर गुपचूप जागा अडवून बसतात. 'व्हेग्रंट ग्लोबल-स्टेटस' म्हटलें कीं सर्व फोल्डरांतील यंत्रांची यादी मिळते. 'बॉक्स प्रून' म्हटलें कीं सांच्यांच्या जुन्या आवृत्त्या जातात. पहिल्याच दिवशीं यंत्र उभें राहत नसेल तर दोष बहुधा फाइलीचा नसतो. प्रोसेसरांतील जी सोय वर सांगितली, ती कित्येक लॅपटॉपांत मुळांतच बंद ठेवलेली असते. यंत्र सुरू होतांना बायोसमध्यें शिरून ती चालू करावी लागते. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक विद्यार्थी पहिल्याच पायरीवरून परत फिरतात, आणि आपल्यालाच कांहीं जमत नाहीं असें समजतात. शिक्षकांनीं ही गोष्ट पहिल्या तासालाच सांगावयास हवी.

२०१३ सालीं डॉकर आला, आणि व्हेग्रंटचे दिवस संपले असें पुष्कळांनीं जाहीर केलें. डॉकरचे कंटेनर हे पूर्ण यंत्राचा भास निर्माण करीत नाहींत. ते सर्व मिळून एकाच लिनक्सचा गाभा वापरतात, म्हणून हलके असतात आणि क्षणांत उभे राहतात. वाड्यांतील बिऱ्हाडें आणि स्वतंत्र घर यांत जो भेद, तोच येथें. नुसता प्रोग्राम चालविण्यास बिऱ्हाड पुरतें, आणि आज बहुतेक कचेऱ्या तेंच पत्करतात. पण ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः शिकावयाची आहे, यंत्र चालू-बंद होतांना काय घडतें हें पाहावयाचें आहे, तीन सर्व्हरांचें जाळें एकट्यानें उभें करून मोडून पाहावयाचें आहे, त्याला स्वतंत्र घरच हवें. सर्व्हर सांभाळण्याची नोकरी धरूं पाहणाऱ्या मुलानें निदान वर्षभर तरी आभासी यंत्रावर घालवावें, असें आग्रहानें म्हणावेसें वाटतें.

व्हेग्रंटच्या मालकीची कथाहि थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. हाशिमोटो यांच्या कंपनीचें नांव हाशिकॉर्प; ती २०१२ सालीं निघाली. २०२३ च्या ऑगस्टमध्यें कंपनीनें आपल्या पुढील आवृत्त्यांचा परवाना बदलला. वाचण्यास व शिकण्यास फाइली पूर्वींप्रमाणेंच खुल्या. परंतु कंपनीशीं स्पर्धा करणाऱ्या धंद्यास त्या वापरण्यावर बंधन आलें. त्याचा परिणाम लगेच दिसला. उबुंटु या लिनक्सची कर्ती कंपनी आपले अधिकृत सांचे प्रसिद्ध करीत असे, तें तिनें २४.०४ या आवृत्तीपासून थांबविलें. म्हणून जुन्या पुस्तकांतून उबुंटूच्या सांच्याचें नांव उतरून घेणाऱ्यास नवी आवृत्ति मिळत नाहीं; 'बेंटो' या नांवानें मिळणारे सांचे त्याच्या जागीं चालतात. २०२५ च्या फेब्रुवारींत हाशिकॉर्प आय. बी. एम. कंपनीनें घेतली. ज्या कंपनीच्या केंद्रांत चौदा आभासी यंत्रें प्रथम चाललीं, तिच्याच घरीं हें भटकें साधन अखेर जाऊन पोहोंचलें. घरीं शिकणाऱ्या विद्यार्थ्यास या उलाढालीनें आज कांहीं अडचण येत नाहीं. तरीहि आपली फाइल साधी ठेवावी. सामग्री बसविण्याचा मजकूर निराळ्या शेल स्क्रिप्टमध्यें लिहावा, म्हणजे उद्यां साधन बदललें तरी तो मजकूर उपयोगी पडेल.

राहिला प्रश्न इंटरनेटचा. मोबाइलच्या डेट्यावर दिवस काढणाऱ्या घरांत शेंकडों एमबींचा सांचा उतरविणें म्हणजे एका दिवसाचा शिधा एका घासांत संपविणें. त्याची तोड अशी आहे. वर्गांतील एकानेंच, जेथें चांगली जोडणी आहे तेथें बसून, यंत्र एकदां पूर्ण उभें करावें आणि 'व्हेग्रंट पॅकेज' ही आज्ञा द्यावी. त्या यंत्राची, आंत बसविलेल्या सामग्रीसकट, एकच फाइल तयार होते. ती पेन ड्राइव्हवर घ्यावी. दुसऱ्यानें ती आपल्या लॅपटॉपवर उतरवून 'व्हेग्रंट बॉक्स ॲड' असें म्हणून तिला एक नांव द्यावें; तेंच नांव त्याच्या व्हेग्रंटफाइलींत घालावें. मग 'अप' म्हटल्यावर सांच्यासाठीं इंटरनेटकडे धांव घ्यावी लागत नाहीं. एक पेन ड्राइव्ह एका संध्याकाळीं पांच-सहा घरें फिरून येऊं शकतो. मात्र पाठविण्यापूर्वीं त्या यंत्रांत कोणाचा पासवर्ड वा खाजगी किल्ली राहिलेली नाहीं ना, हें पाहून घ्यावें; पॅकेजमध्यें तींहि जशींच्या तशीं जातात.